बरणी आणि भट्टी

मुंबई रस्त्याने पुण्याकडे येणारा प्रवासी कासारवाडीस नाशिक फाट्याच्या दुमजली पुलापाशी पोचतो, तेव्हा त्याच्या दृष्टीस पडते ती वाहनांची दाटी, मेट्रोचे खांब आणि लोहमार्गालगतची वस्ती. परंतु आंबविण्याची आणि गाळण्याची अशा दोन पुरातन विद्यांनी याच परिसरात केवढा आधुनिक संसार थाटला आहे, याची जाणीव रोज येथून पाळीवर जाणाऱ्या कामगारालाही क्वचितच असते. कासारवाडीतच फोर्ब्ज मार्शलचा वाफेच्या उपकरणांचा कारखाना आहे. शेजारी दापोडीस आल्फा लावल ही उष्णता-विनिमयाची यंत्रे करणारी कंपनी आहे. आणि पलीकडे पिंपरीस १९५४ साली स्थापन झालेल्या हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सने दुसऱ्याच वर्षापासून प्रचंड टाक्यांत बुरशी वाढवून या देशाला स्वतःचे पेनिसिलीन दिले. फाट्यावरून उत्तरेकडे निघणारा रस्ता चाकण मागे टाकून ज्या नारायणगावास जातो, तेथे गेल्या शतकाच्या नवव्या दशकात शामराव चौगुले यांनी फ्रेंच पद्धतीचे फसफसते द्राक्षमद्य तयार करून दाखविले, आणि तोच रस्ता पुढे नाशिकच्या द्राक्षमद्याच्या मुलखात शिरतो.

अशा या टापूत अलीकडे एक नवा छंद रुजू लागला आहे. चाकणच्या मोटारींच्या कारखान्यांतील अभियंते आणि तळवड्याच्या संगणक-कचेऱ्यांतील तरुण यांना, कामावरून परतल्यावर, स्वयंपाकघराच्या ओट्यावर काही तरी स्वहस्ते सिद्ध करून पाहण्याची हौस असते. कोणी पाव आंबवितो, कोणी कोंबुचा लावतो, आणि कोणी एक पाऊल पुढे जाऊन घरपोच मिळणारे पोलादी पातेले, त्यावर बसणारे घट्ट झाकण, वेटोळी नळी आणि तापमापक असा सरंजाम मागवितो, ज्याच्या वेष्टनावर ‘सुगंधी तेले काढण्याकरिता’ अशी निरागस चिठी चिकटविलेली असते. ती चिठी लिहिणारा, विकणारा आणि विकत घेणारा, तिघेही परस्परांस पुरते ओळखून असतात. उपदेशाचा तर सुकाळच आहे; थंड देशांतील हौशी मंडळींनी आपापल्या तळघरांत मिळविलेला अनुभव येथे फुकट उपलब्ध आहे, आणि त्याची जबाबदारी मात्र कोणावरच नाही. माझे म्हणणे असे आहे की या एका छंदाच्या नावाखाली वस्तुतः दोन भिन्न व्यवहार चालतात, एक बरणीचा आणि दुसरा भट्टीचा. आणि या दोहोंत भेद करण्याचे आपला कायदा व हे हौशी उपदेशक दोघेही टाळतात, हेच सर्व घोटाळ्याचे मूळ आहे.

बरणीचा व्यवहार मूलतः स्वयंपाकघरातला आहे. किण्व साखर खाते आणि तिचे जवळजवळ निम्मे वजन मद्यार्कात व निम्मे कर्बवायूत रूपांतरित करते. एक किलो साखरेपासून अडीचशे लिटरांहून अधिक वायू निघतो, आणि म्हणूनच काचेची बाटली घट्ट बुचाने बंद करून कपाटात ठेवणारा नवशिक्या एखाद्या रात्री कपाटाच्या काचाच गोळा करीत बसतो. किण्वाला स्वतःच निर्मिलेले मद्यार्क असह्य होऊ लागते आणि शेकडा बारा-पंधराच्या आसपास ते निपचित पडते. अर्थात या व्यवहाराला निसर्गानेच एक हद्द घालून दिली आहे. आयुर्वेदातील आसवे व अरिष्टे याच हद्दीत सिद्ध होतात. द्राक्षासवात धायटीची फुले घालून भांडे धान्याच्या राशीत पुरून ठेवण्याची वैद्यांची रीत म्हणजे किण्वाची तजवीज आणि तापमान स्थिर राखण्याची युक्तीच होय. वसईच्या ख्रिस्ती घरांत नाताळासाठी द्राक्षांची वाइन लावण्याचा परिपाठही याच जातीचा. येथे जे बिघडते ते बहुधा चवीपुरते बिघडते: भांडे अस्वच्छ राहिले तर वाइनऐवजी शिरका हाती येतो, आणि वीस अंशांच्या तळघरासाठी लिहिलेली कृती कासारवाडीतल्या गच्चीखालच्या खोलीत एप्रिलमध्ये शब्दशः पाळली, तर उष्म्याने बेफाम झालेले किण्व असे जड, उग्र द्रव्य निर्माण करते की पिणाऱ्याचे डोके दुसरा दिवसभर ठणकत राहावे. हिवाळ्यात लावा, हा साधा सल्ला त्या परदेशी मंडळींकडून मिळत नाही, कारण त्यांना त्याची गरजच पडत नाही.

भट्टीचा व्यवहार निराळा. निसर्गाने घातलेली ती बारा-पंधराची हद्द अग्नीच्या साहाय्याने ओलांडणे, हेच तिचे प्रयोजन. ज्या द्रवात शेकडा चाळीस मद्यार्क असते, त्याची वाफ सुमारे सव्वीस अंश तापमानालाही ठिणगी लागताच पेट घेऊ शकते, आणि पुण्याच्या उन्हाळ्यात सव्वीस अंश म्हणजे पहाटेची झुळूक. दोन खोल्यांच्या सदनिकेत गॅसच्या शेगडीवर असे पातेले ठेवून, नळीचा सांधा किंचित सैल राहिला असता काय होईल, हे सांगण्यासाठी कोणा तज्ज्ञाची जरुरी नाही. कसबा पेठेच्या तांबट आळीतून तांब्याचे सुबक भांडे करून आणता येईलही. पण सांध्याला शिशाचा डाख दिला गेला असेल तर प्रत्येक घोटाबरोबर शिसेही पोटात जाईल. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्याने या छंदाला संमती दिलेली नसते, ही गोष्ट हौशी माणसाच्या ध्यानात क्वचितच येते.

भट्टीविषयी बोलताना मिथेनॉलचा उल्लेख अपरिहार्य आहे, आणि येथेच उपदेशकांनी सर्वांत मोठा गोंधळ माजविला आहे. त्यांच्या मते गाळताना प्रथम येणारा अंश टाकून दिला की विष टळते आणि उरलेले निर्धास्तपणे प्यावे. आमच्याकडे याच्या नेमकी उलट परंपरा आहे. गावठी पिणाऱ्याच्या लेखी पहिल्या धारेची म्हणजे सर्वांत कडक आणि म्हणून सर्वांत मानाची. खरे पाहता दोन्ही पक्ष अर्धवट शहाणे आहेत. निव्वळ मिथेनॉल साधारण पासष्ट अंशांना आणि निव्वळ मद्यार्क अठ्ठ्याहत्तर अंशांना उकळते हे खरे, परंतु पाण्यासह तिघे एकत्र आले की ते इतक्या शिस्तीने पाळीपाळीने बाहेर पडत नाहीत. मिथेनॉल शेवटच्या थेंबापर्यंत थोडेबहुत येतच राहते. दुसरे असे की साखरेच्या वा गुळाच्या आंबवणात मुळी मिथेनॉल नगण्यच असते. फळांच्या सालीतील व गरातील पेक्टिनपासून ते काहीसे अधिक होते, तथापि त्यानेही माणसे घाऊक प्रमाणात मरत नाहीत. २००४ साली विक्रोळीत आणि २०१५ च्या जूनमध्ये मालाडच्या मालवणीत, जेथे शंभरांहून अधिक जीव गेले, माणसे मेली ती औद्योगिक मिथेनॉल पाजले गेल्यामुळे. जे रसायन कारखान्यांत विद्रावक म्हणून पिंपांनी वापरले जाते, तेच स्वस्त पडते म्हणून गुत्तेवाल्याने दारूत ओतले. पिणाऱ्याने मग पहिली धार टाकली काय आणि ठेवली काय, परिणाम एकच. आपला हा औद्योगिक पट्टा असल्या पिंपांनी भरलेला आहे, हे ध्यानी घेता येथल्या माणसाला सांगावयाची गोष्ट ही की प्यायल्यानंतर बारा-चोवीस तासांनी दृष्टी धूसर होऊ लागली तर ती नशा नव्हे, आणि तासाचाही विलंब न लावता रुग्णालय गाठले पाहिजे.

आता कायद्याकडे वळू. १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने, जो आज महाराष्ट्राच्या नावाने चालतो, कलम १२ अन्वये परवान्यावाचून दारू करणे निषिद्ध ठरविले आणि कलम ६५ ने त्या हेतूने साहित्य वा भांडी बाळगणे हाही गुन्हा मानला. दारूची व्याख्या इतकी ऐसपैस आहे की नाताळाची बरणी आणि ओढ्याकाठच्या हातभट्टीवर पंचनाम्यात ‘कच्चे रसायन’ म्हणून नोंदला जाणारा मुद्देमाल, दोन्ही तीत सारखीच सामावतात. मोरारजीभाईंच्या काळच्या या कायद्यामागे नैतिक निष्ठा होती, हे मी नाकारीत नाही. तिचे फळ मुंबईच्या गल्लोगल्ली उघडलेल्या चोरट्या गुत्त्यांच्या रूपाने मिळाले, हेही नाकारता येत नाही. बलसारा खटल्यात १९५१ साली सर्वोच्च न्यायालयाने अधिनियमाचा बराच भाग उचलून धरला, परंतु मद्यार्कयुक्त औषधे व प्रसाधने यांनाही दारूच्या पंक्तीस बसविणारी तरतूद रद्द केली. म्हणजे या कायद्याला भेद करणे अशक्य आहे असे नव्हे, एकदा त्याला ते करावे लागले आहे. १८९२ च्या कायद्याने ठाणे व कुलाबा जिल्ह्यांत मोहाची फुले बाळगण्यावर निर्बंध घातले होते, आणि मोहफुलांवरील बंधने सैल करावयास आपल्या राज्यशासनाला २०२१ साल उजाडावे लागले. आदिवासीच्या अंगणातील फूल गुन्ह्यातून सुटण्यास सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लागत असेल, तर सदनिकेतल्या बरणीने धीर धरणेच बरे, असे कोणी म्हटल्यास मला उत्तर सुचणार नाही.

पेशवाईचा दाखला या संदर्भात मोठा मार्मिक आहे. पेशव्यांच्या दैनंदिनीवरील प्रस्तावनेत न्यायमूर्ती रानड्यांनी दाखविले आहे की दारूच्या बाबतीत पुणे दरबारचा कटाक्ष कडक होता. तरीही तोफखान्यातील ख्रिस्ती गोलंदाजांना स्वतःपुरती दारू गाळण्याची मुभा देण्यात आली होती. विक्रीस बंदी आणि खासगी गरजेपुरती सूट, हा विवेक ज्या दरबाराला साधला, त्याच्यापाशी ना रसायनशाळा होती ना उत्पादन शुल्क खात्याचा फौजफाटा. तोफखाना सुरू राहणे ही अर्थात दरबाराची निकड होती, आणि निकडीपुढे तत्त्वे लवचीक होतात, ही गोष्ट वेगळी.

भेद कसा करावा याचा धडा कासारवाडीतल्या वाफेच्या धंद्यालाच विचारावा. १९२३ च्या बॉयलर अधिनियमाने बंद भांड्यात दाबाखाली वाफ निर्माण करणे ही धोक्याची गोष्ट मानली, तपासनीस नेमले, दाखले आवश्यक ठरविले. पण त्याने घरोघरच्या कुकरवर जप्ती आणली नाही, कारण मूळ व्याख्येतच पाच गॅलन, म्हणजे सुमारे पावणेतेवीस लिटर, ही मर्यादा घातलेली होती. धोक्याचे माप घेऊन नियमन करण्याची ही रीत शंभर वर्षे निर्वेध चालली. इंग्लंडने १९६३ साली घरगुती बिअरवरील परवान्याची अट काढली. अमेरिकेने १९७८ च्या कायद्याने प्रौढ व्यक्तीस वर्षाला शंभर गॅलन बिअर स्वतःपुरती करू दिली, पण भट्टीला हात लावू दिला नाही. न्यूझीलंडने १९९६ साली भट्टीचीही मोकळीक दिली. तेथील घरे लाकडी असली तरी एकमेकांपासून सुटी असतात. आमच्या चाळीवजा इमारतींना तो कित्ता गिरविण्याचा सल्ला मी देणार नाही.

या विचाराला एक आक्षेप असा आहे की त्याला मी हलके लेखू शकत नाही. डॉ. अभय व राणी बंग यांनी गडचिरोलीत जे लोकमत घडविले, ज्याच्या बळावर तेथे १९९३ साली दारूबंदी आली, आणि गावोगावच्या बायांनी आडव्या बाटलीवर शिक्के मारून जी दुकाने बंद पाडली, त्यांमागे मारझोडीचा आणि उपासमारीचा प्रत्यक्ष अनुभव होता. दारू घरातच होऊ लागली तर ती बाई कोणत्या दुकानाविरुद्ध मोर्चा नेणार? पगाराच्या दिवशी भोसरी-चाकणच्या खोल्यांत काय चालते हे जाणणारा कोणीही हा प्रश्न झटकून टाकणार नाही. मात्र पाच-सहा आठवडे वाट पाहावयास लावणारी बरणी ही व्यसनी माणसाची वस्तूच नव्हे. त्याला आजची आज हवी असते आणि ती त्याला चौकात मिळते. ज्या घरात कोणी व्यसनाधीन आहे तेथे बरणीही नको, हे मी विनाअट मान्य करतो. आणि म्हणूनच सवलत ही सरसकट न देता, घरातील सर्व प्रौढांच्या सह्यांनिशी केलेल्या दरखास्तीवर, आणि त्यांपैकी कोणा एकीच्याही हरकतीने रद्द होणारी, अशी असावी.

माझी सूचना साधी आहे. वीस-पंचवीस लिटरांपर्यंतचे आंबवण, विक्रीस सक्त मनाई करून, नोंदणीवर घरात करू द्यावे. भट्टी घरात नकोच. ज्यांना गाळण्याचीच हौस आहे त्यांच्यासाठी गोव्याचा मार्ग आहे, जेथे काजूच्या हंगामात अबकारी खाते विभागवार लिलाव करते, परवानाधारक भट्टीवर प्रथम हुर्राक आणि दुसऱ्या गाळणीत फेणी निघते, आणि २००९ साली त्या फेणीला भौगोलिक मानांकन मिळूनही खात्याचा महसूल बुडालेला नाही. आपल्याकडे मांजरीची वसंतदादा साखर संस्था मद्यार्काचे तंत्र शिकवितेच. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत शुद्ध किण्वांचा संग्रह आहे. या दोहोंच्या आश्रयाने, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली चालणारी एखादी सामायिक भट्टी आणि नोंदणीपूर्वी सर्वांस सक्तीचा असा दोन दिवसांचा मराठी वर्ग सुरू करता येईल, ज्यात बाटली का फुटते, एप्रिल का टाळावा आणि पहिली धार टाकून विष का जात नाही, एवढे तरी शिकविले जावे. वर्गाचे शुल्क उत्पादन शुल्क खात्याने घेण्यास माझी हरकत नाही. महसुलावाचून ते खाते कोणत्याही सुधारणेकडे ढुंकून पाहील अशी आशा मी बाळगीत नाही.