हौसेची पट्टी, सुरक्षेची गरज

दुचाकीच्या चाकांवर, टाकीवर परावर्तक पट्ट्या चिकटवणे ही केवळ तरुणांची हौस मानली जाते. प्रत्यक्षात हा प्रश्न जिवाशी निगडित आहे. देशात २०२२ मध्ये रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजार ४९१ जणांचा बळी गेला. त्यांत दुचाकीवरील मृतांचे प्रमाण सुमारे ४४.५ टक्के होते. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींत इंजिन सुरू होताच पुढचा दिवा आपोआप लागणे बंधनकारक झाले. त्यामुळे समोरून येणारी दुचाकी दिसते. चौकात आडवी जाणारी मात्र अंधारातच राहते.

ही उणीव पट्टी भरून काढू शकते. तिच्यातील सूक्ष्म काचमणी वा लोलक प्रकाश आला त्याच दिशेला परतवतात. तिला वीज लागत नाही. रस्त्याकडेला बंद पडलेली दुचाकीही तिच्यामुळे दिसते. मात्र नुसती चकाकणारी शोभेची पट्टी हे काम करीत नाही. शिवाय पुढे पांढरा, बाजूला नारिंगी, मागे लाल हा संकेत पाळला नाही, तर वाहनाची दिशा ओळखण्यात इतरांची फसगत होते. हौस जरूर असावी. तिला या जाणिवेची जोड हवी.