लेणे क्रमांक ६ आणि लेणे क्रमांक ७

जुन्नरजवळच्या लेण्याद्रीला एकदा जाच. अष्टविनायकाच्या रांगेत मान खाली घालून नको, डोळे उघडे ठेवून जा. तिकीट काढून, तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून वर गेलात की सहावे आणि सातवे लेणे दिसेल.

सहावे म्हणजे चैत्यगृह. आत स्तूप, दोन्ही बाजूंना खांबांची रांग. कल्याणच्या हेरणिकाचा, म्हणजे सोनाराचा मुलगा सुलसदत्त याने ते दान दिले, असे तिथला धम्मलिपीतला लेख सांगतो. सातवे म्हणजे विहार. तीन बाजूंना भिक्खूंच्या वीस खोल्या. मागच्या भिंतीतल्या मधल्या दोन खोल्यांत आज गिरिजात्मज बसला आहे!

डोंगर एक, तिकीट एक, संरक्षित स्मारकाचा कायदाही एकच. तरी सातव्यात 'देवस्थान' आणि सहाव्यात 'प्राचीन वास्तू'. एका लेण्यात भाविक जातो, दुसऱ्यात पर्यटक. बुद्धाचे घर संग्रहालय झाले आणि ज्याचे घर नव्हते तो घरमालक झाला.

पुरातत्त्व खात्याचे धोरण असे की, स्मारक ताब्यात घेताना जिथे पूजा चालू नव्हती तिथे ती नव्याने सुरू करता येत नाही. वरवर निःपक्षपाती! पण या देशातून बौद्ध धम्मच हद्दपार झाला होता, तर वंदना करायला तिथे उरले कोण होते? ज्यांच्यामुळे वंदना बंद पडली त्यांना वहिवाटीचा हक्क आणि आम्हाला नियम. १९५८ च्या कायद्याचे कलम १६ म्हणते की, संरक्षित प्रार्थनास्थळाचा वापर त्याच्या स्वरूपाशी विसंगत कामासाठी करू नये. विहाराचे स्वरूप कोणते, हे वीस खोल्या मोजून कोणालाही कळेल.

अशाच एका लेण्यात आम्ही दहा-बारा जण त्रिसरण-पंचशील घ्यायला बसलो, तर पहारेकऱ्याने उठवले. त्याच वेळी चार पोरं स्तूपाला टेकून फोटो काढत होती. त्यांना कोणी हटकले नाही. (त्यातल्या एकाच्या टी-शर्टवर बाबासाहेब होते, हेही सांगितले पाहिजे.)

गणपतीच्या भक्तांशी भांडण नको, तेही आपलेच बहुजन आहेत. भांडण खात्याशी आहे आणि ते कागदावर करायचे. माहितीच्या अधिकारात विचारा: सातव्या लेण्याची नोंद विहार म्हणून आहे की मंदिर म्हणून? कलम १६ तिथे कसे लागू केले? सहाव्यात पौर्णिमेला वंदनेसाठी लेखी परवानगी मागा. नाकारली तर नकारही लेखी घ्या. आणि जाण्याआधी धम्मलिपी शिका, सुलसदत्ताचे नाव स्वतः वाचता आले पाहिजे.