बीजातून उमलणारी शिरुई लिली

मणिपूर राज्याच्या उखरुल जिल्ह्यात शिरुई नावाचे उंच शिखर आहे. त्याच्या वरच्या गवताळ उतारांवर मे-जूनच्या सुमारास एक विलक्षण फूल उमलते. खाली झुकलेल्या घंटेसारखा त्याचा आकार असतो आणि शुभ्र पाकळ्यांवर गुलाबी-जांभळट छटा असते. हीच शिरुई लिली, मणिपूरचे राज्यपुष्प. तिचे नैसर्गिक वसतिस्थान अत्यंत मर्यादित असल्याने ती दुर्मीळ वनस्पतींत गणली जाते.

वनस्पतिशास्त्राच्या जगाला तिची ओळख १९४६ मध्ये झाली. फ्रँक किंगडन-वॉर्ड हे इंग्रज वनस्पतिसंशोधक त्या वर्षी या डोंगरावर गेले, तेव्हा फुलांचा हंगाम सरला होता. हाती आल्या त्या बियांनी भरलेल्या वाळक्या बोंडी. पुढे या बियांपासून इंग्लंडात रोपे वाढली. १९४८ मध्ये वॉर्ड पत्नीसह पुन्हा शिरुईला आले. पत्नी जीन यांच्या माहेरच्या ‘मॅक्लिन’ या नावावरून या लिलीचे शास्त्रीय नाव ‘लिलियम मॅक्लिनिए’ असे ठेवण्यात आले. जीन यांचे वडील मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीश होते, हे मराठी वाचकांना विशेष वाटावे.

या फुलाचा परदेशातील प्रवास बियांतून झाला, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. आज स्कॉटलंडच्या थंड, दमट हवेत अनेक बागांत ही लिली बीजापासूनच वाढवली जाते. तिचे बी कागदासारखे पातळ व चपटे असते. पाण्याचा उत्तम निचरा होणाऱ्या, पालापाचोळ्याच्या खताने भुसभुशीत केलेल्या मातीत ते पसरून वर जाडसर वाळूचा हलका थर देतात. कुंडी सावलीत आणि सदैव ओलसर ठेवावी लागते. पाणी साचले तर कोवळा कंद कुजतो. काही आठवड्यांत गवताच्या पात्यासारखा पहिला अंकुर वर येतो. पहिले वर्षभर रोपांना हलवू नये, हे उत्तम. फुलासाठी साधारणतः दोन ते चार वर्षे थांबावे लागते.

या प्रतीक्षेचा मोबदलाही मिळतो. लिलीच्या कंदातून पसरणारे बहुतेक विषाणूरोग बियांतून पुढच्या पिढीत जात नाहीत. शिवाय प्रत्येक रोप थोडे वेगळे असल्याने फुलांच्या रंगछटांत विविधता राहते आणि एखाद्या संकटात सगळीच रोपे एकदम नष्ट होण्याची भीती कमी होते.

याउलट, डोंगरावरून कंद उपटून नेण्याचा मोह घातक ठरतो. फुलाची कीर्ती पसरली तशी शिरुईवर पर्यटकांची वर्दळ वाढली, आणि काही जण आठवण म्हणून मुळासकट रोपे नेऊ लागले. मैदानी उष्ण हवेत ती तगत नाहीत. नेणाऱ्याला फूल लाभत नाही आणि डोंगरावरील एक जागा कायमची रिकामी होते. तेथे पसरणाऱ्या बुटक्या बांबूमुळेही लिलीची जागा आक्रसत आहे. अशा स्थितीत उपटलेल्या प्रत्येक कंदाबरोबर पुढील कित्येक वर्षांच्या बियाही नाहीशा होतात.

महाराष्ट्रातील उन्हाळा या लिलीला मानवणारा नाही. तिला पाहण्यासाठी शिरुईलाच जावे आणि रिकाम्या हाती परतावे. मात्र कोणतीही दुर्मीळ कंदवर्गीय वनस्पती बागेसाठी विकत घेताना ती रोपवाटिकेत बीजापासून वाढवलेली आहे की रानातून खणून आणलेली, एवढी चौकशी प्रत्येक ग्राहकाला करता येते. ग्राहकाने विचारले की विक्रेत्यालाही उत्तर तयार ठेवावे लागते. कंद हे निसर्गाचे मुद्दल आणि बी हे त्याचे व्याज. व्याजावर बाग फुलवावी, मुद्दलाला हात लावू नये, हा हिशेब व्यापारी घरांना वेगळा शिकवावा लागत नाही.