वढूला जाणाऱ्यांनो, सोनाबाई माहीत आहेत का?

वढू बुद्रुक आपल्या शिरूर तालुक्यात. दौंडकरांनो, भीमेच्या पलीकडं पेडगावचा बहादूरगड, जिथं संभाजीराजांना कैद करून आणलं. म्हणजे या विषयावर आपला हक्क जरा जास्तच. 2025 ला 'छावा' आला तेव्हा आपण सगळे थिएटरात रडून आलो. चांगलंच आहे.

पण संभाजीराजांवर 1896 साली एका बाईनं मराठीत नाटक लिहिलंय, हे किती जणांना माहीत आहे? नाटकाचं नाव 'छत्रपती संभाजी', लेखिका सोनाबाई चिमाजी केरकरीण. गडकऱ्यांचं 'राजसंन्यास' त्यानंतर कितीतरी वर्षांनी आलं, तेही अपुरंच राहिलं. त्याच नाटकावरून जानेवारी 2017 मध्ये पुण्यातल्या संभाजी बागेतला गडकऱ्यांचा पुतळा काढून फेकला. त्यावर महिनाभर दोन्हीकडून भांडणं झाली. मी बरंच वाचलं तेव्हा, पण सोनाबाईंचं नाव ना या बाजूच्या तोंडी ना त्या.

'पहिली स्त्री नाटककार' म्हणून नाव घेतात ते हिराबाई पेडणेकरांचं. खरं तर सोनाबाई आणि 'संगीत सीताशुद्धी'वाल्या काशीबाई फडके दोघी त्यांच्या आधीच्या. पण हिराबाईंचंही आपण काय केलं? सावंतवाडीकडची, कलावंतीण घराण्यातली मुलगी. गाणं शिकली भास्करबुवा बखल्यांकडं. 1904 ला 'जयद्रथ विडंबन' लिहिलं. 1912 ला तिचं 'संगीत दामिनी' केशवराव भोसल्यांच्या ललितकलादर्श मंडळीनं रंगमंचावर आणलं. एवढी नावाजलेली कंपनी काय दया म्हणून नाटक घेत नाही! पुढं मुंबई सोडून ती गुहागरजवळ पालशेतला राहिली, तिथंच 1951 ला गेली.

आता लोकांना आठवतं काय? तिच्या घरी कोण कोण लेखक यायचे ते. तिच्या आयुष्यावर कानेटकरांनी 'कस्तुरीमृग' लिहिलं, त्याचे प्रयोग झाले. तिचं स्वतःचं नाटक मात्र कुणी काढत नाही. बाईचं आयुष्य चघळायला पाहिजे, तिची वही उघडायला नको.

आणि हे शंभर वर्षांपूर्वीचं म्हणून सोडू नका. आपल्याच चौफुल्याला कला केंद्रं आहेत. तिथं गाणाऱ्या-नाचणाऱ्या बायकांकडं बघायला गाड्या भरून जाणारे कमी नाहीत. त्यातल्या कुणाला 'तू स्वतः काही लिहितेस का गं?' असं विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. तिथं एखादी हिराबाई बसली असेल तर आपल्याला कळणार कसं?

एकांकिका स्पर्धा जवळ आल्या की शिरूर-दौंडच्या कॉलेजची पोरं 'सर, विषय सुचवा' म्हणत येतात. यंदा माझं उत्तर ठरलंय. पोरांनो, 'दामिनी'ची संहिता शोधा, सापडली की नुसतं वाचन करा, सेट-बिट काही नको. आणि कुणाच्या माळ्यावर, जुन्या वाचनालयाच्या कपाटात सोनाबाईंचं 'छत्रपती संभाजी' असेल तर पहिल्या पानाचा फोटो काढून खाली टाका. मी स्वतः येऊन झेरॉक्स करून नेईन.