पुसलेली नोंद, उरलेला दोष

तळोद्याहून चांदसैली घाटाने धडगावकडे निघालेल्या गाडीत इंजिनाचा पिवळा दिवा लागला, तर चालकाने काय करावे? काही जण बॅटरीची तार काढून पुन्हा जोडतात. काही स्कॅनर लावून नोंद पुसून घेतात. दिवा विझतो, दोष मात्र जागच्या जागी राहतो.

१ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांनंतर इंजिनाचा कारभार सर्वस्वी संगणकाच्या हाती गेला आहे. पेट्रोल गाडीच्या धुराच्या नळीतील ऑक्सिजन सेन्सर तुटला, तर ‘पी ०१३०’ यासारखी खूण संगणक नोंदवून ठेवतो आणि ठोकताळ्यानेच इंधन सोडू लागतो. इंधन अधिक जळते, धूर वाढतो, धूर शुद्ध करणारा महागडा कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही धोक्यात येतो. पुसलेली खूण काही फेऱ्यांतच पुन्हा उमटते.

दुरुस्तीसाठी काढलेला सेन्सर नीट जोडून मग नोंद पुसली, तर त्यात गैर काहीच नाही. दुरुस्तीवाचून पुसणे हे मात्र अज्ञान होय. गाडी विकताना तसे करणे ही तर सरळ फसवणूक.

म्हणून पुसण्यापूर्वी खुणेचा क्रमांक ग्राहकास कागदावर लिहून देण्याचा पायंडा मेकॅनिकांनी पाडावा. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी विद्यार्थ्यांना पुसण्याआधी वाचायला शिकवावे. घाटातील वळणावर रुग्णासह अडकलेल्या कुटुंबाला विझलेल्या दिव्याचा काय उपयोग?