पौलाच्या भाच्याचे नाव

अमेरिकेतल्या एका गुप्तचर कर्मचाऱ्याने १२ ऑगस्ट २०१९ रोजी लेखी तक्रार केली. राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प यांनी २५ जुलैला युक्रेनच्या राष्ट्राध्यक्षांशी फोनवर बोलताना आपल्या राजकीय प्रतिस्पर्ध्याची चौकशी लावण्याची गळ घातली, असे त्या तक्रारीत म्हटले होते. तक्रार वर्तमानपत्राकडे गेली नव्हती. कायद्याने नेमून दिलेल्या महानिरीक्षकाकडे गेली होती. महानिरीक्षक मायकेल ॲटकिन्सन हे ट्रम्प यांनीच नेमलेले. त्यांनी पडताळणी केली आणि तक्रार विश्वासार्ह व तातडीची आहे असा शेरा दिला. पुढे महाभियोग झाला, सेनेटने ५ फेब्रुवारी २०२० रोजी ट्रम्प यांना निर्दोष ठरवले. त्या निकालाची चर्चा मला करायची नाही. मला बोलायचे आहे ते त्या जागल्याबद्दल आणि पवित्र शास्त्र हातात घेऊन त्याला गद्दार म्हणणाऱ्या माझ्या धर्मबंधूंबद्दल.

त्यांचा पहिला आधार रोमकरांस पत्राचा तेरावा अध्याय. अधिकार देवाने नेमलेले आहेत, म्हणून त्यांच्या अधीन राहा, हा पौलाचा उपदेश. २०१८ साली स्थलांतरितांची मुले आईबापांपासून तोडली जात होती, तेव्हा अमेरिकेचे महान्यायवादी जेफ सेशन्स यांनी याच अध्यायाचा दाखला दिला होता. जागल्यावरही तोच अध्याय रोखला जातो. पण या प्रकरणात अधीन कोण राहिले? देशाचा अधिकार तिथे एका माणसात नाही, संविधानात आणि कायद्यात आहे. १९९८ च्या कायद्याने गुप्तचर कर्मचाऱ्याला तक्रारीची वाट आखून दिली, महानिरीक्षकाला चौदा दिवसांची मुदत दिली. त्या वाटेने पायरी न चुकवता गेलेला माणूस अधिकाराच्या अधीनच होता. आणि तोच अध्याय सांगतो की अधिकारी वाईट कृत्यांना भय वाटावे म्हणून असतो. तक्रार नोंदवणारालाच भय वाटू लागले, तर अध्याय उलटा वाचला जात आहे.

दुसरा आधार दावीदाचा. तेव्हाचे ऊर्जामंत्री रिक पेरी यांनी नोव्हेंबर २०१९ मध्ये सांगितले की देव अपूर्ण माणसांनाही निवडतो, आणि शौल, दावीद, शलमोन यांची नावे घेतली. देव अपूर्ण माणसांकरवी काम करतो, हे मीही मानतो. मात्र दावीद घ्यायचा तर नाथानही घ्यावा लागेल. उरीयाला युद्धात पुढे घालून मारवले आणि त्याची बायको घरात आणली, हे राजाला तोंडावर सांगणारा नाथान. दावीदाने त्याला हेर ठरवले नाही, दरबारातून हाकलले नाही. शलमोनाच्या राज्याभिषेकापर्यंत नाथान तिथेच आहे. दावीदाचे मोठेपण निवडलेपणात नव्हते, या एका क्षणी त्याने मान खाली घातली त्यात होते. ट्रम्प यांनी मात्र जागल्याला माहिती पुरवणारे हेरांच्या जवळपासचे आहेत असे म्हणून, पूर्वी हेरांचे काय करत असत याची आठवण करून दिली.

तिसरा मुद्दा साधा वाटतो, म्हणून जास्त फसवतो: मत्तयाच्या अठराव्या अध्यायाप्रमाणे भावाचा अपराध आधी एकांतात त्याला दाखवावा. तो उपदेश एका पंगतीला बसणाऱ्या दोन भावांसाठी आहे. जो एका सहीने नोकरी घेऊ शकतो, त्याच्या दालनात कनिष्ठाने एकट्याने जाऊन चूक दाखवावी, असे ख्रिस्ताने कुठेही सांगितलेले नाही. शिवाय ती पायरी एकांतावर संपत नाही, मंडळीला सांगण्यापर्यंत जाते. लेवीय ग्रंथाचा पाचवा अध्याय तर जाहीर साक्षीसाठी हाक आली असता जाणूनबुजून गप्प बसणाऱ्याला दोषी धरतो.

खरी अडचण चौथ्या मुद्द्याची आहे, कारण त्यात थोडे तथ्य असते. तक्रारदार दुसऱ्या पक्षाकडे झुकलेला आहे, मग त्याला संरक्षण कशाला? ॲटकिन्सन यांनी आपल्या पत्रातच लिहिले होते की अशा कलाची काही चिन्हे दिसतात. पण त्यामुळे तक्रारीची विश्वासार्हता बदलत नाही. झाकून काही ठेवलेच नव्हते.

इथे प्रेषितांची कृत्ये, अध्याय तेवीस. पौल यरुशलेमेत रोमी गढीत कैदेत आहे. चाळीसहून अधिक माणसांनी शपथ घेतली आहे की पौलाला मारल्याशिवाय अन्नपाण्याला शिवणार नाही. मुख्य याजक आणि वडीलजन यांना सांगून कट रचला आहे. चौकशीच्या निमित्ताने त्याला खाली बोलवायचे आणि वाटेत संपवायचे. हे पौलाच्या बहिणीच्या मुलाच्या कानावर येते. तो गढीत शिरतो, मामाला सांगतो, मामा त्याला शताधिपतीबरोबर सरदाराकडे पाठवतो. सरदार त्याचा हात धरून एका बाजूला नेतो आणि एकांतात विचारतो. सगळे ऐकून घेतल्यावर त्याला बजावतो की हे तू मला कळवलेस असे कोणाला सांगू नकोस. त्याच रात्री दोनशे शिपाई, सत्तर स्वार आणि दोनशे भालेकरी देऊन पौलाला कैसरियाकडे रवाना केले जाते.

हा भाचा निःपक्षपाती होता का? मामाच्या जिवासाठी धावत आलेला मुलगा, त्याच्याइतका एका बाजूचा साक्षीदार शोधून सापडणार नाही. सरदाराने त्याला तू कोणाचा म्हणून विचारले नाही, काय कळले ते विचारले. तो सरदार ख्रिस्ती नव्हता, यहूदीही नव्हता. रोमी अंमलदार होता, आणि गुप्ततेचे मोल त्याला कळत होते. लूकाने सरदाराचे नाव आपल्याला दिले आहे, क्लौद्य लुसिया. मुलाचे नाव त्याने दिलेले नाही. हा अध्याय चर्चमध्ये वाचणाऱ्यांनी ४ नोव्हेंबर २०१९ ला केंटकीतल्या सभेत सेनेटर रँड पॉल तक्रारदाराचे नाव छापा म्हणून पत्रकारांना आव्हान देत असताना टाळ्या वाजवाव्यात, याचे मला मनापासून दुःख होते.

हे दुखणे एकाच पक्षाचे नाही. ओबामांच्या काळात १९१७ च्या हेरगिरी कायद्याखाली माहिती फोडणाऱ्यांवर जितके खटले भरले गेले, तितके आधीच्या सगळ्या राष्ट्राध्यक्षांच्या काळात मिळूनही भरले गेले नव्हते. जुलै २०२३ मध्ये हंटर बायडन यांच्या करप्रकरणी कर खात्याचे दोन अधिकारी काँग्रेससमोर बोलले, तेव्हा २०१९ चे निंदक त्यांची पाठ थोपटू लागले आणि २०१९ चे कैवारी त्यांचे हेतू तपासू लागले. आपला तो जागल्या, त्यांचा तो चुगलखोर.

याहून वेगळे वागता येते. आयोवाचे सेनेटर चक ग्रासली बाप्टिस्ट आहेत, रिपब्लिकन आहेत आणि १९८९ च्या जागल्या संरक्षण कायद्याच्या प्रमुख शिल्पकारांपैकी आहेत. १ ऑक्टोबर २०१९ ला ते म्हणाले की या माणसाने कायद्याप्रमाणे पावले टाकलेली दिसतात, त्याचे ऐकून घेतले पाहिजे आणि त्याला संरक्षण दिले पाहिजे. महाभियोगात त्यांनी मत दिले ते ट्रम्प यांच्याच बाजूने. आरोप सिद्ध झाला की नाही हा एक प्रश्न, आरोप सांगणाऱ्याला सुरक्षित ठेवायचे की नाही हा दुसरा. पहिल्यावर पक्षाने मत बनवावे. दुसऱ्यावर ख्रिस्ती माणसाला पक्षच नसतो.

म्हणून माझा आग्रह कायद्यावर आहे. नुसत्या सद्भावनेने जागल्या वाचत नाही. तक्रारदाराची ओळख फोडू नये हे बंधन अमेरिकेच्या कायद्यांनी महानिरीक्षकावर घातले, पण नाव चव्हाट्यावर आणणाऱ्या राजकारण्याला अडवले नाही. गुप्तचर कर्मचाऱ्याला सूडाविरुद्ध न्यायालयाची सरळ वाट दिली नाही. महानिरीक्षकाची नोकरीही राष्ट्राध्यक्षांच्या हाती: ३ एप्रिल २०२० ला ॲटकिन्सन यांना काढून टाकण्यात आले. त्याआधी ७ फेब्रुवारीला महाभियोगाच्या चौकशीतले साक्षीदार अलेक्झांडर विंडमन यांना व्हाइट हाउसमधून बाहेर काढले, आणि साक्ष न दिलेल्या त्यांच्या जुळ्या भावालाही.

चर्चने असे संरक्षण मागताना आधी स्वतःचे घर पाहावे. मे २०१९ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी लैंगिक अत्याचारांबाबत जो आदेश काढला, त्यात तक्रार करणाऱ्यावर सूड उगवण्यास मनाई आहे आणि त्याच्यावर मौन लादण्यासही. हा नियम इतक्या उशिरा लिहावा लागला. मे २०२२ च्या अहवालाने उघड केले की सदर्न बाप्टिस्ट मंडळींच्या कार्यकारी समितीत आरोप असलेल्या पाळकांची यादी ठेवली जात होती, आणि दाद मागायला येणाऱ्या पीडितांना मात्र वर्षानुवर्षे झिडकारले जात होते.

आपल्याकडे तळेगाव दाभाड्यात १३ जानेवारी २०१० च्या सकाळी सतीश शेट्टी यांचा खून झाला. माहिती अधिकाराच्या बळावर ते जमिनीचे गैरव्यवहार बाहेर काढत होते. संसदेने जागल्या संरक्षण कायदा २०१४ मध्ये मंजूर केला, मे महिन्यात राष्ट्रपतींची संमतीही मिळाली. तो अमलात येण्यासाठी केंद्र सरकारने राजपत्रात तारीख जाहीर करायची असते. सत्तेवर कोणता पक्ष आहे हे न पाहता महाराष्ट्रातल्या आणि गोव्यातल्या धर्मप्रांतांनी, मंडळ्यांनी आणि शिक्षणसंस्थांनी ती तारीख मागावी, आणि तोवर आपापल्या ट्रस्टच्या नियमावलीत तक्रारदाराच्या गुप्ततेचे कलम घालून घ्यावे. त्यासाठी दिल्लीच्या परवानगीची गरज नाही.