कागद लांब धरून वाचणाऱ्यांना



बेलापूरच्या बैठकीत आम्ही पत्रक वाटले. चाळिशीच्या पुढचे बरेच जण ते हातभर लांब धरून वाचत होते; काहींनी न वाचताच घडी करून खिशात घातले. हीच माणसे काट्याची पावती, सातबारा आणि कपाशीच्या औषधाच्या डब्यावरची बारीक अक्षरे कशी वाचतात? वाचत नाहीत. दुकानदार सांगेल तेवढे औषध पंपात पडते.

जवळचा चष्मा घेतला की हे भागते. पण डोळ्याची गोष्ट तेवढ्यावर संपत नाही. मोतीबिंदू सर्वांना ठाऊक आहे. 1976 पासून सरकारचा अंधत्व नियंत्रणाचा कार्यक्रम आहे, शिबिरे होतात, ऑपरेशनने नजर परत येते. काचबिंदूचे तसे नाही. तो बहुधा दुखत नाही. समोरचे दिसत राहते आणि नजर कडेकडेने जाते. शेजारून बैल आला तरी धडक बसेपर्यंत कळत नाही. ध्यानात येते तोवर डोळ्यामागची नस वाळलेली असते. गेलेली नजर मग कोणीच परत देऊ शकत नाही, उरलेली मात्र वेळेवर औषधाचे थेंब घालून राखता येते. मधुमेहही डोळ्याचा पडदा असाच मुकाट्याने खातो. तेव्हा 'मला तर दिसतंय की' हा पुरावा नव्हे.

भिंतीवरची अक्षरे वाचली म्हणजे तपासणी झाली असे समजू नका. डोळ्यातला दाब मोजायला सांगा, बाहुली मोठी करून पडदा बघायला सांगा. (नंतर काही तास धूसर दिसते, फटफटी चालवायला पोराला बरोबर न्या.) चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी, आणि साखर असेल किंवा घरात कुणाला काचबिंदू असेल तर दरवर्षी. बेलापूरकरांना लोणीचे प्रवरा रुग्णालय काही फार लांब नाही.

शेतकरी अडाणी, म्हणून डोळे दाखवत नाही, असे शहरात म्हणतात. खोटे आहे. रोज बुडतो, एसटीचे भाडे पडते आणि ज्वारीच्या भावात चष्मा बसत नाही. हे गणित आम्हालाही येते. पण गेलेल्या डोळ्याचा तोटा कोणत्या उत्पादनखर्चात धरणार?

एका गोष्टीला मात्र थांबू नका. ज्वारीचे पान किंवा पऱ्हाटीची काडी डोळ्याला लागून डोळा लाल झाला, तर त्याच दिवशी डॉक्टरला दाखवा. घरात उरलेले थेंब घालू नका. त्यात स्टेरॉइड असेल तर बुबुळावरची बुरशी फोफावते.